पुढे लोडर लावला, मागे काय लावले?
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

उन्हाळ्यात उकिरडे उपसून शेणखत शेतात टाकण्याची घाई सुरू झाली, की ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरविषयीची, म्हणजे पुढे बसवलेल्या, बकेटने माल उचलून भरणाऱ्या यंत्राविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे देत आहोत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : आमच्याकडे ४५ एचपीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर असून गेल्या वर्षी त्याला फ्रंट लोडर बसवून घेतला. शेणखत ट्रॉलीत भरताना कधी अडचण आली नाही. मात्र पाणंद रस्त्यासाठी ओला मुरूम भरू लागल्यापासून मागची चाके हलकी पडून जागेवर फिरतात, आणि एकदा उताराला ब्रेक पूर्ण दाबूनही ट्रॅक्टर सरकत गेला. लोडर तोच, बकेट तीच आणि चालकही तोच आहे. ‘पुढच्या बंपरवरच्या वजनाच्या प्लेटा काढू नका’, असे आमच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे. नेमके काय करावे?
— एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : बकेट तीच असली तरी ओझे तेच नाही. आपल्या लोडरची बकेट साधारण ०.३५ घनमीटरची आहे असे धरू. कुजलेले शेणखत घनमीटरला ६००-७०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे बकेटमध्ये सव्वादोनशे-अडीचशे किलो येते. त्याच बकेटमध्ये ओला मुरूम शिगेला भरला, तर तो ६०० किलोच्या घरात जातो. बकेट किती भरली हे डोळ्यांना दिसते, पण ती किती जड झाली हे दिसत नाही, आणि चालक सवयीने डोळ्यांवर विसंबतो.

आता हे ६०० किलो कुठे पडतात ते पाहू. पहारीखाली टेकू ठेवून धोंडा उपटावा, तसा ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल (दोन चाकांमधला आडवा दांडा) येथे टेकू होतो. त्याच्या पुढे बकेट आणि मागे सगळा ट्रॅक्टर. पुढच्या व मागच्या एक्सलमधील अंतर २.१ मीटर आणि बकेटमधील ओझ्याचा मध्य पुढच्या एक्सलच्या १.५ मीटर पुढे धरला, तर ६०० किलोचे ओझे मागच्या चाकांवरून सुमारे ४३० किलो भार काढून घेते आणि पुढच्या एक्सलवर सुमारे १,०३० किलो भार वाढवते. लोडरचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही. ते चार-साडेचारशे किलो असते आणि तेही बरेचसे पुढेच पडते. सुमारे दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर मुळात बाराशे-साडेबाराशे किलो भार असतो. त्यातून एवढे वजा झाल्यावर सपाट जमिनीवर ट्रॅक्टर कसाबसा टिकतो, पण खड्ड्यात पुढचे चाक आपटले किंवा खाली येणारी बकेट अचानक थांबवली, की ओझे क्षणभर दीडपट-दुप्पट असल्यासारखे वागते आणि मागची चाके जमीन सोडतात.

ब्रेक न लागण्याचे कारणही हेच आहे. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. चाकावर भार नसेल तर ब्रेक कितीही घट्ट बसला तरी ते चाक फरफटत जाणार. आपल्या ब्रेकमध्ये दोष नसावा असे पत्रावरून वाटते. तरीही दोन्ही पेडल सारखी धरतात का हे तपासून घ्यावे, आणि लोडरचे काम करताना डावे-उजवे पेडल एकमेकांना जोडणारी पट्टी नेहमी लावलेली असावी.

उपाय मागे वजन लावण्याचा आहे. बंपरवरच्या प्लेटांबाबत मिस्त्रींचे म्हणणे नांगरटीसाठी योग्य आहे, लोडरसाठी नाही. मागे जड अवजार असताना पुढचा भाग उचलू नये म्हणून त्या प्लेटा असतात. लोडर लावल्यावर पुढच्या एक्सलला आधीच पेलवेनासे झालेले असते, म्हणून त्या काढून ठेवाव्यात.

थ्री-पॉइंट लिंकेजला (ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडण्याच्या सांध्याला) अडकवता येईल असा काँक्रीटचा ठोकळा गावातच तयार करता येतो. ८० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद व उंच अशा लोखंडी पेटीत काँक्रीट ओतले, तर ते सुमारे ३९० किलो भरते. हा ठोकळा मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे टांगला, तर मागच्या चाकांवर सुमारे ५७५ किलो भार वाढतो आणि पुढच्या एक्सलवरचा सुमारे १८५ किलो भार कमी होतो. मागच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांश उंचीपर्यंत पाणी भरण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि ती उपयोगाचीही आहे, पण त्या पाण्याचे वजन मागच्या एक्सलवरच पडते, त्यामुळे पुढच्या एक्सलची सुटका होत नाही. पाणी आणि ठोकळा दोन्ही असल्यास उत्तम. एकच करायचे असेल, तर ठोकळा करावा.

ठोकळा होईपर्यंत रोटाव्हेटर मागे उचलून ठेवूनही काम भागवता येते. मात्र पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) बंद असावा आणि मागे माणसे वावरत असतील, तर रोटाव्हेटरची रुंदी चालकाने लक्षात ठेवावी. मुरमाची बकेट मात्र ठोकळा लावल्यावरही निम्मी-पाऊणच भरावी. लोडरच्या माहितीपुस्तकात उचलण्याची जी क्षमता दिलेली असते, ती हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, किती उचलू शकते याची असते. आपला ट्रॅक्टर तेवढे ओझे सांभाळून चालू शकेल अशी हमी तिच्यात नसते.

प्रश्न : आमची जमीन डोंगरउताराची आहे. बकेट वर घेऊन ट्रॉलीकडे वळताना ट्रॅक्टर एका बाजूला इतका कलंडला की चालकाने उडी मारली. सुदैवाने ट्रॅक्टर परत चाकांवर आला. मागे वजन लावलेले होते, तरी असे का झाले?
— जुन्नर तालुक्यातील एक शेतकरी

उत्तर : मागचे वजन ट्रॅक्टरला पुढे झुकण्यापासून वाचवते, बाजूला कलंडण्यापासून त्याचे संरक्षण फारच थोडे. ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो, पण पुढचा एक्सल मध्यावरील एका पिनवर डुलत असतो, त्यामुळे तोल सांभाळणारी खरी जागा त्रिकोणी असते : मागची दोन चाके आणि पुढची ती पिन. मागे हा त्रिकोण रुंद असतो आणि पुढे निमुळता होत जातो. बकेट भरून वर उचलली, की सगळ्या वजनाचा मध्य वर चढतो आणि शिवाय पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद भागाकडे सरकतो. अशा वेळी एका चाकाखाली वीतभर उंचीचा दगड आला किंवा स्टिअरिंग झटक्यात फिरवले, तरी तो मध्य त्रिकोणाबाहेर पडायला पुरते.

म्हणून भरलेली बकेट घेऊन चालताना ती जमिनीपासून फूटभरच वर असावी आणि ट्रॉलीसमोर सरळ उभे राहिल्यावरच उचलावी. वळता वळता उचलू नये. उताराला आडवे जाणे टाळावे. चढावर जाताना बकेट पुढे ठेवून सरळ चढावे आणि उतरताना रिव्हर्समध्ये उतरावे, म्हणजे भरलेली बकेट नेहमी चढाच्या बाजूला राहते. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर असल्यास उतारावर पुढची ड्राइव्ह लावून ठेवावी, म्हणजे ब्रेकचा परिणाम पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतो. भरण्याची जागा निवडणे आपल्या हातात असेल, तर ट्रॉली सपाट जागी आणून उभी करण्यात गेलेली दहा मिनिटे वाया गेली असे समजू नये.

आपल्या चालकाने उडी मारली आणि तो वाचला, याचा आनंद आहे. पण हा मार्ग भरवशाचा नाही. कलंडणाऱ्या ट्रॅक्टरवरून उडी मारणारा माणूस बहुधा ज्या बाजूला ट्रॅक्टर पडणार त्याच बाजूला फेकला जातो. ट्रॅक्टर उलटला तरी चालकाभोवती जागा शिल्लक ठेवणारी मजबूत लोखंडी चौकट आणि सीट बेल्ट या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच उपयोगी पडतात. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरसाठी अशी चौकट १९५९ मध्येच सक्तीची केली आणि तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणावर घटले. आपल्याकडे बहुसंख्य ट्रॅक्टर या चौकटीविना विकले गेले आहेत. उतारावर लोडर चालवणाऱ्याने आपल्या मॉडेलसाठी कंपनीची चौकट मिळते का, याची विक्रेत्याकडे चौकशी जरूर करावी. उन्हासाठी लावलेले छत म्हणजे ही चौकट नव्हे. ट्रॅक्टर उलटल्यास ते छत चालकाला वाचवू शकत नाही.

प्रश्न : लोडरच्या हायड्रॉलिक पाईपमधून तेलाचा बारीक फवारा उडत होता. तो कुठून येतो हे पाहण्यासाठी आमच्या गड्याने पाईपवरून हात फिरवला. बोटाला टाचणी टोचल्यासारखा ठिपका पडला, रक्तही आले नाही, म्हणून त्याने दुर्लक्ष केले. रात्री हात सुजल्यावर दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगितले. एवढ्याशा जखमेला शस्त्रक्रिया कशासाठी, याचा खुलासा करावा.
— एक वाचक, राहुरी तालुका

उत्तर : डॉक्टरांनी योग्य तेच केले. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाब दीडशे ते दोनशे बारपर्यंत असतो, आणि कातडी भेदण्यासाठी सात बारच्या आसपासचा दाबही पुरेसा ठरू शकतो. सुईच्या छिद्राएवढ्या भोकातून निघणारी तेलाची धार कातडीखाली शिरून बोटातील स्नायुबंधांच्या कडेकडेने तळहातापर्यंत, कधी मनगटापर्यंत जाते. बाहेरून ठिपका दिसतो आणि पहिले काही तास वेदनाही किरकोळ असतात. आत मात्र तेलामुळे सूज चढते, रक्तपुरवठा दबतो आणि पेशी मरू लागतात. ते तेल औषधाने निघत नाही. हात उघडून आतला भाग धुवावा लागतो. उशीर झाला, तर बोट कापण्याची वेळ येते.

त्यामुळे असा ठिपका दिसताच, दुखत असो वा नसो, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जावे आणि ‘दाबाखालचे हायड्रॉलिक तेल कातडीखाली गेले आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. नुसते ‘काहीतरी टोचले’ म्हटले, तर धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन परत पाठवले जाण्याची शक्यता असते. शेकणे, हळद भरणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तेलाच्या डब्यावरील नाव लिहून किंवा डब्याचा फोटो काढून सोबत न्यावा.

गळती शोधायची असेल, तर पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा मोठा तुकडा लांबून धरून पाईपजवळून फिरवावा. जेथे ओला डाग उमटेल, तेथे गळती आहे. डोळ्यांवर चष्मा असावा. पाईप किंवा निपल सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि लोडरचे लिव्हर चारही दिशांना दोन-तीनदा हलवावे, म्हणजे पाईपमध्ये अडकलेला दाब सुटतो. पाईपचे रबर फाटून आतील तार दिसू लागली, की तो बदलावा. त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून हंगाम काढण्याची युक्ती सर्रास दिसते. तिने फवारा झाकला जातो, दाब तेवढाच राहतो.

प्रश्न : ग्रीस किती दिवसांनी भरावे? तसेच उचललेली बकेट इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली येते आणि तेलाची पातळी कधी कमी तर कधी जास्त दिसते. पंप बदलावा लागेल काय?
— दोन वाचक, इंदापूर व माढा तालुका

उत्तर : ग्रीसचा हिशेब दिवसांवर नव्हे, कामाच्या तासांवर ठेवावा. दर आठ-दहा तासांच्या कामानंतर, म्हणजे भर हंगामात रोज, सर्व पिनांना ग्रीस द्यावे. बकेट जमिनीवर टेकवून पिनांवरचा भार कमी करावा आणि जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत गन मारावी. शेणखत आणि माती पिन-बुशमध्ये शिरून कानसीचे काम करतात. जुने ग्रीस बाहेर पडताना ती घाणही घेऊन जाते. एखादे निपल ग्रीस घेत नसेल, तर ते बदलावे. लोडरचे पिन-बुश झिजून खडखडू लागले, की दुरुस्तीचा खर्च ग्रीसच्या कित्येक डब्यांइतका होतो. लोडरची चौकट ट्रॅक्टरला जोडणारे बोल्ट नवेपणी पहिल्या दहा तासांनंतर आणि पुढे दर पन्नास तासांनी आवळावेत. पुढच्या चाकांचे बेअरिंग, एक्सलची मधली पिन आणि टायरमधील हवा यांकडेही लोडरच्या ट्रॅक्टरवर नेहमीपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते.

पातळी कमी-जास्त दिसण्याचे कारण बहुधा पाहण्याच्या वेळेत आहे. लोडर उचलणारे तेलाचे जॅक लांब झालेले असताना त्यांच्या पोटात तेल जाते, म्हणून टाकीत ते कमी दिसते. तेव्हा भर घातली, तर लोडर खाली घेतल्यावर टाकी उतू जाते. सपाट जागी, लोडर खाली आणि जॅक आत घेतलेले असतानाच पातळी पाहावी. अनेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. त्यामुळे कपलर (लोडरचे पाईप ट्रॅक्टरला जोडणारे तोंड) पुसल्याशिवाय जोडला, तर त्यावरची धूळ थेट गिअरबॉक्समध्ये जाते. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि फेस येऊन पंप कण्हू लागला तर तेल कमी आहे किंवा पंपाकडे तेल ओढणाऱ्या पाईपमधून हवा येत आहे.

बकेट सावकाश खाली येणे ही बहुतेक लोडरची प्रकृतीच असते, कारण कंट्रोल व्हॉल्व्हमधून थोडे तेल झिरपतेच. पूर्वीपेक्षा वेग वाढला असेल, तर व्हॉल्व्ह किंवा जॅकचे सील तपासून घ्यावेत. पंप बदलण्याचा निर्णय त्यानंतरचा. चालू इंजिनवर लोडर नेटाने उचलत असेल, तर पंपावर संशय घेण्याचे कारण नाही. मात्र यातून एक गोष्ट नियम म्हणून पाळावी : हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या लोडरखाली कोणीही जाऊ नये, क्षणभरही नाही. खाली काम करणे अटळच असेल, तर जॅकच्या दांड्यावर बसणारी लोखंडी अटक लावावी. ती नसेल, तर काम लोडर खाली घेऊनच करावे.

प्रश्न : तालुक्याच्या गावी एक वर्कशॉप कंपनीच्या निम्म्या किमतीत लोडर बनवून देते. घ्यावा काय?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : किमतीपेक्षा चौकट कुठवर जाते ते पाहावे. चांगल्या लोडरची चौकट ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंनी मागे जाऊन मागच्या एक्सलच्या हौसिंगला जोडलेली असते, त्यामुळे धक्का सगळ्या ट्रॅक्टरवर वाटला जातो. चौकट केवळ इंजिन आणि क्लच हौसिंगवर बोल्ट मारून अडकवली असेल, तर बिडाच्या हौसिंगला तडा जाण्याची शक्यता फार असते, आणि तेव्हा निम्मी किंमत वाचल्याचे समाधान उरत नाही. दुसरे असे की, ‘जास्त उचलेल’ म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा दाब मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आवळून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये पाऊल ठेवू नये. तो व्हॉल्व्ह पाईप, जॅक आणि माणूस या तिघांच्या संरक्षणासाठी असतो. लोडर कायमस्वरूपी बसवण्यापूर्वी आरटीओ व विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे. वाहनातील बदलांविषयीची तरतूद मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे.

प्रश्न : बकेटमध्ये माणूस उभा करून नारळ उतरवणे किंवा मांडव बांधणे सुरक्षित आहे काय?

उत्तर : नाही. मिरवणुकीत बकेटमधून फुले उधळण्याची हौस आता गावोगावी पोहोचली आहे, पण एक पाईप फुटला किंवा लिव्हरला धक्का लागला, की बकेट उलटते. कामाच्या जागी डोक्यावरच्या तारांकडेही पाहावे. शेतावरून जाणाऱ्या ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेची जमिनीपासून किमान उंची नियमानुसार ४.६ मीटर असते, आणि जुनी तार त्याहूनही खाली ओघळलेली असू शकते. तीन-सव्वातीन मीटर उचललेल्या बकेटमधून कडब्याच्या पेंढ्या वर डोकावत असतील, तर उरलेले अंतर सुरक्षित नाही. तारेला स्पर्श झालाच, तर चालकाने सीटवरच बसून राहावे, इतरांना दूर राहायला सांगावे आणि १९१२ वर महावितरणला कळवून वीजपुरवठा बंद करून घ्यावा. ट्रॅक्टर पेटल्यासच उतरावे. तेव्हा ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न फाकवता, सरकत सरकत दूर जावे.

प्रश्न : पेरणीसाठी लोडर काढून ठेवला होता. परत जोडताना कपलर बसतच नाहीत. काय करावे?
— एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : लोडर उन्हात ठेवला असावा. कपलर सोडल्यावर पाईपमध्ये कोंडलेले तेल उन्हाने तापून फुगते आणि त्या दाबामुळे कपलर आत जात नाही. हातोडीने ठोकून कपलर खराब करण्यापेक्षा पाईपवर ओले पोते टाकून किंवा सकाळच्या थंड वेळी प्रयत्न करावा. पुढच्या वेळी लोडर सपाट, टणक जागी सावलीत उतरवावा, जॅकचे दांडे आत घेतलेले असावेत म्हणजे ते गंजत नाहीत, आणि सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून लिव्हर हलवून दाब काढावा. कपलरला टोपणे नसतील, तर तोंडावर स्वच्छ प्लॅस्टिक घट्ट बांधावे.